पिवळ्या चिठ्ठीचं घर

त्या घरात राहायला गेलो त्या दिवशी मी ओट्यावर बॅग टेकवली, तर घरमालकांनी माझ्याकडे बघायच्या आधी बॅगेकडे बघितलं. मग सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या पुठ्ठ्याची एक चिठ्ठी काढली, शाईपेनाने तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि सुतळीने ती बॅगेच्या कडीला बांधली. पार्सलला बांधतात तशी. मी वाकून वाचलं : ‘मुलगा कुडाळचा. सरळ आहे. ऐकीव.’

"ऐकीव म्हणजे काय हो?"

"तुझ्या फॅक्टरीतल्या सुपरवायझरने मला पत्र दिलंय, मुलगा सरळ आहे म्हणून. ती झाली एक साक्ष. दुसरी मिळेपर्यंत पिवळी."

"दुसरी कुठून आणू?"

"आणायची नसते. येते," ते म्हणाले आणि मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला, सगळीकडून उंच सोसायट्यांनी वेढलेलं ते बैठं दगडी घर होतं. मंगलोरी कौलं, लांब ओटा, आत चार खोल्या आणि मागे माझी एक. गल्लीत त्याला पाद्रीबाबांचं घर म्हणत. रेल्वे नवी नवी होती त्या काळात देवगडकडचा एक माणूस ख्रिस्ती झाला, घरच्यांनी दार लावून घेतलं म्हणून बायकोला घेऊन इकडे आला आणि मिठागरांतल्या लोकांना उपदेश करू लागला. इथे तेव्हा ना चर्च होतं ना शाळा. भातखाचरं, मीठ आणि डास एवढंच होतं. त्या पहिल्या पाद्रीबाबांचे माझे घरमालक सख्खे पणतू. एकटा जीव, लग्न केलेलं नाही, नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. तीस वर्षं त्यांनी पार्सलांना चिठ्ठ्या बांधल्या आणि निवृत्त झाल्यावर हात थांबेनात म्हणून घराला बांधायला घेतल्या. गल्ली त्यांना लेबलकाका म्हणायची. तोंडावर नुसतं काका.

चिठ्ठ्या तीन रंगांच्या. हिरवी म्हणजे खरं, पिवळी म्हणजे ऐकीव, लाल म्हणजे थाप. घरातल्या प्रत्येक वस्तूला यातली एक बांधलेली. हिरवीचा नियम कडक. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साक्षी मिळाल्याखेरीज हिरवी नाही म्हणजे नाही. पाद्रीबाबांची म्हणून जी मोडकी छत्री होती तिला पिवळी, कारण ती त्यांची असं फक्त काकांची आत्या सांगायची. जात्याला हिरवी. एका कोपऱ्यात वाघाचं एक मळकट चित्र टांगलेलं, त्याला लाल : ‘बाबांचं प्रवचन ऐकून डोंगरातून आलेला वाघ शांत बसला. थाप. उगम : माझे आजोबा.’ घर बघायला आलेले लोक नेमका त्या वाघाचाच फोटो काढत. काका त्यांना अडवत नसत, फक्त चिठ्ठी फोटोत आली पाहिजे असा आग्रह धरत.

घर दाखवायची वेळ दर रविवारी साडेअकरा, उपासना सुटल्यावर. कुणी आलं तरी आणि नाही आलं तरी. नाही आलं तर मी आणि मावशी पाहुणे व्हायचो. मावशी म्हणजे मागच्या वस्तीतली बाई, मूळची साताऱ्याकडची, नवबौद्ध घरातली, काकांकडे स्वयंपाकाला यायची आणि काकांना मुळीच घाबरायची नाही. आम्ही दोघं ओट्यावर चपला काढून उभं राहायचो, काका कोट घालून बाहेर यायचे, मराठी ख्रिस्ती म्हणतात तसं "सलाम, या," म्हणायचे आणि जन्मात पहिल्यांदा भेटल्यासारखं आम्हाला घरभर फिरवायचे. शेवटी विचारायचे, "प्रश्न?" प्रश्न विचारावाच लागे. मावशीचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच.

"बाई शिकवायची कधी आन् रांधायची कधी?"

"एकाच वेळी," काका म्हणायचे, आणि दर वेळी त्यांना आनंद व्हायचा.

कारण त्या घराचा खरा इतिहास पाद्रीबाबांचा नव्हताच, त्यांच्या बायकोचा होता, आणि तो काकांनी बाबांच्याच रोजनिशीतून काढला होता. रोजनिशी हा त्यांचा जीव की प्राण. बाबांनी तिच्यात दर प्रवचनाला किती माणसं आली ते लिहून ठेवलं होतं, आणि माणूस इतका प्रामाणिक की वाचणाऱ्याला त्याची दया यावी. पहिलीच नोंद : ‘श्रोते दोन. त्यांतील एक वाट विचारावयास आला होता.’ पुढे : ‘श्रोते चार. एक निजला. उरलेले तिघे त्याजकडे पाहत होते.’ असं वर्षभर चालतं. मग एका दिवशी एकदम : ‘श्रोते बावीस. घरात घावणे केले होते.’ इथे काका थांबायचे, चष्मा काढायचे आणि पाहुण्यांना हसायला वेळ द्यायचे.

त्या दिवसापासून बाबांनी प्रवचन आणि बाईंनी घावणे असं चाललं. घावण्यांना आलेल्या बायकांच्या मुली चुलीपाशी बसायच्या, त्यांना बाई उलथण्याने राखेत अक्षरं काढून दाखवायच्या. पुढे एक पाटी आली. सात मुलींत एक पाटी. घरातल्या तव्याला म्हणूनच हिरवी चिठ्ठी होती, आणि घर दाखवून झालं की मावशी त्याच तव्यावर प्रत्येक पाहुण्याला घावणे घालायची. सोबत नारळाचा गोड रस. मी लाजेकाजेने पहिल्या रविवारी तीन खाल्ले, नंतर मोजणं सोडून दिलं.

चहा मात्र नाही. रोजनिशीत शेवटपर्यंत सकाळी पेज आहे, चहाचा एक शब्द नाही, म्हणून काकांच्या स्वयंपाकघरात चहाला मज्जाव. स्वतः ते पेज प्यायचे, लोणच्याच्या फोडीबरोबर. मी मागच्या खोलीत माझ्या शेगडीवर वेलची घालून चहा करायचो. वास पुढच्या ओट्यापर्यंत जायचा. काका नाक वर करून म्हणायचे, "इतिहासात भेसळ होतेय!" पण कधी बंद कर म्हणाले नाहीत.

चिठ्ठ्यांतून कुणी सुटलं नव्हतं. डॉक्टरकडे गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला पिवळी बांधली होती. डॉक्टरने विचारलं हे काय, तर म्हणाले, "दुखतो असं हा एकटाच म्हणतोय. तुमचा फोटो आला की बघू." एक्स-रे आला आणि गुडघ्याला हिरवी मिळाली. मी एकदा ‘कंपनीची पिकनिक आहे’ सांगून नटूनथटून बाहेर पडलो, संध्याकाळी परत आलो तर खोलीच्या दाराला लाल चिठ्ठी : ‘पिकनिक.’ खाली काही नाही. त्याच पिकनिकशी पुढे माझं लग्न झालं. काका लग्नाला आले, आहेर म्हणून गजराचं घड्याळ दिलं आणि त्याला हिरवी चिठ्ठी बांधली : ‘लग्न झाले. खरे. साक्षी : भटजी आणि मठ्ठा.’ माझी बायको ती चिठ्ठी अजून कपाटात ठेवून आहे.

घरात एकच गोष्ट अशी होती की जिला चिठ्ठी नव्हती. ते म्हणजे खुद्द घर.

हे माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं. छत्रीला चिठ्ठी, वाघाला चिठ्ठी, दाराच्या कडीलासुद्धा चिठ्ठी, पण ‘हे पाद्रीबाबांचं घर’ असं कुठेच लिहिलेलं नाही. मी विचारलं तर काका पेज भुरकत राहिले. मग म्हणाले, "रोजनिशीत लिहिलंय, वेशीपासून दुसरं घर. पण वेस कुठे होती ते कुठे लिहिलंय? समोर ती बारा मजली उभी आहे ना, तिथेही असंच जुनं घर होतं. ते पण दुसरं असू शकतं."

"पण सगळे हेच म्हणतात ना, काका."

"सगळे म्हणजे ऐकीव."

"मग पिवळी तरी लावा."

त्यांनी पेजेचं भांडं उचललं आणि आत निघून गेले. पिवळी लावायचा त्यांना धीर होत नव्हता, हे मला तेव्हा समजलं. बाकी जगाला ते एका साक्षीवर पिवळी देत, पण ज्या घरात आपण जन्मलो त्याला ऐकीव म्हणायला त्यांचा हात धजत नव्हता. एवढीच काय ती त्यांची लबाडी.

तीही फार दिवस टिकली नाही. मी काकांना घरमालक म्हणत असलो तरी घर खरं तर चर्चच्या विश्वस्तांच्या मालकीचं होतं, काका त्यात हयातभर राहू शकत होते. एका वर्षी विश्वस्तांपुढे बिल्डरचा प्रस्ताव आला. घर पाडायचं, सात मजली इमारत, खाली हॉल, काकांना चौथ्या मजल्यावर फ्लॅट. तसं पाहिलं तर कुणी काकांचं वाईट चिंतत नव्हतं. विश्वस्त तिघे, दोन गृहस्थ आणि एक निवृत्त वकीलबाई. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय ठराव होत नसे. दोघे गृहस्थ इमारतीच्या बाजूने होते. वकीलबाई एका रविवारी घर बघायला आल्या, सगळ्या चिठ्ठ्या चष्म्यातून वाचल्या, दोन घावणे खाल्ले आणि जाताना दारात थांबल्या.

"घराला चिठ्ठी नाही?"

काका कोटाच्या गुंड्या चाचपायला लागले.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "पाद्रीबाबांचं घर असेल तर मी सही करणार नाही. कुणाचंतरी एक जुनं घर असेल तर मला अडवायला कारण नाही. तुम्ही काय म्हणता ते सांगा. तुमचा शब्द मी मानीन."

कोणीही शहाणा माणूस हो म्हणून मोकळा झाला असता. काका म्हणाले, "दोन आठवडे द्या."

बाई गेल्यावर मावशी तवा आपटत बाहेर आली. "काका, एकदा बोला की खोटं! आयुष्यात एकदा! पाप काय लागत नाय."

"मावशी, मी फ्लॅटमध्ये राहायला घाबरत नाही."

"मग?"

"रविवारी लोक आले तर त्यांना काय दाखवू? लिफ्ट?" ते हसले, पण नीट हसता आलं नाही. त्यानंतर ते ओट्यावर खूप वेळ नुसते बसून होते आणि मला पहिल्यांदा त्यांचं वय दिसलं. मला फार वाईट वाटलं. घरापासून इतक्या लांब येऊन मला जे घर मिळालं होतं ते हेच होतं.

दोन दिवसांनी काकांना रोजनिशीत हवं ते सापडलं. म्हणजे ते तिथे होतंच, त्यांनी शंभरदा वाचलेलं : ‘मुलींची पाटी फुटली. मुली रडल्या. तुकडा उकिरड्यावर टाकावयास हिचे मन होईना. चुलीच्या उजव्या अंगास जमिनीत पुरला.’ आमच्या स्वयंपाकघरात जुनी चूल नव्हती, पण तिच्या धुराने काळी झालेली भिंत होती. तिच्या उजव्या बाजूला शहाबादी फरशी. फरशीखाली पाटी निघाली तर घर बाबांचं. रोजनिशी ही एक साक्ष आणि खड्डा ही दुसरी.

"आणि नाही निघाली तर?" मी विचारलं.

"तर समोरच्या बारा मजल्यांखाली असेल," काका म्हणाले. त्यांनी वकीलबाईंना निरोप धाडला : येत्या रविवारी तुम्हा तिघांदेखत खणू. आधी एकट्याने खणून बघा असं मावशीने परोपरीने सांगितलं. ऐकतील तर ते काका कसले.

आता मी काय केलं ते सांगतो. शनिवारी दुपारी काका चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेले, मावशी घरी गेली. दसरा जवळ आलेला, गल्लीच्या तोंडाशी स्टेशनरीच्या दुकानात पूजेच्या पाट्या टांगलेल्या. मी एक घेतली. दुकानदाराने विचारलं, "काय, शाळेत नाव घातलं?" मी हसून वेळ मारून नेली. खोलीत येऊन लाकडी चौकट काढली, पाटी फोडली, एक तुकडा विटेने घासला, काजळी फासली आणि तरी नवीनच दिसतोय म्हणून उरलेल्या चहात तासभर भिजत घातला. मग फरशी उचलली, खाली चार बोटं माती उकरली, तुकडा ठेवला, माती सारखी केली, फरशी बसवली. खोल खणायचा मला धीरच झाला नाही. आत खरी पाटी नसली तर ते मला बघायचं नव्हतं. हात धुतले आणि स्वतःवर इतका खूश झालो की सांगता सोय नाही.

रविवारी स्वयंपाकघरात विश्वस्त तिघे, काका कोटात, मावशी पदर खोचून आणि मी पहार घेऊन. फरशी निघाली. काका गुडघ्यावर बसले, त्या हिरव्या चिठ्ठीच्या गुडघ्यावर, आणि हाताने माती बाजूला करू लागले. पाटी लगेच लागली. मावशी किंचाळली, "गावली!" दोघा गृहस्थांपैकी एकाने टाळी वाजवली. मी सगळ्यांत जास्त आश्चर्य दाखवलं.

काकांनी तुकडा हातात घेतला. उलटा केला. बोटाने कड चाचपली. मग नाकाशी नेला.

काका अजून वास घेत होते. मग ते सावकाश म्हणाले, "चहा. वेलची घातलेला."

माझ्या पायाखालची फरशी तर मी आधीच काढलेली होती, आता उरलेलीही गेली.

"या घरात बाबांच्या वेळी चहा नव्हता," काका विश्वस्तांना म्हणाले. "ही थाप आहे." त्यांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली, ‘पाटी. थाप.’ असं लिहिलं, तुकड्याला बांधली आणि तुकडा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ ठेवला. मग आळीपाळीने सगळ्यांकडे बघून विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

त्यांची नजर माझ्यावर जास्त वेळ थांबली नाही. बाकीच्यांवर जितकी, तितकीच. मी कौलांकडे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं, पण मी कौलंच मोजत राहिलो. समोर तीन मोठी माणसं उभी, आणि मुलगा कुडाळचा, सरळ आहे.

"चला मग," एक गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले.

"थांबा. वरची थाप निघाली. खालचं बघायचं राहिलंय," काका म्हणाले आणि मला पहार मारायला सांगितली.

मी खणू लागलो. इतक्या मनापासून मी आयुष्यात काही खणलेलं नाही. हातभर खाली राख लागली. मग खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांच्या शिंपल्या, ढीगभर. आणि शिंपल्यांच्या खाली, मातीत घट्ट रुतलेला, जाड काळ्या दगडी पाटीचा तळहाताएवढा तुकडा. कोपऱ्याला दोरीसाठी भोक पाडलेलं. काकांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला. त्यांनी नाकाशी नेला, आणि या वेळी काहीच बोलले नाहीत.

मावशी रडायला लागली. वकीलबाई म्हणाल्या, "झालं तर! लावा हिरवी."

काकांनी खिशात हात घातला. बराच वेळ हात खिशातच होता. बाहेर आला तेव्हा त्यात पिवळी चिठ्ठी होती.

"अहो, आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"बाई, याच खड्ड्यातून अर्ध्या तासापूर्वी एक खोटी पाटी निघाली. ती कुणी ठेवली, किती खोल ठेवली, आणखी काय काय ठेवलं, मला माहीत नाही. असल्या खड्ड्याची साक्ष मी कशी धरू? राहिली फक्त रोजनिशी. एकच साक्ष." आणि त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं : ‘हे घर पाद्रीबाबांचे. ऐकीव.’ जन्मभर जे त्यांच्या हातून होत नव्हतं, ते त्यांनी सगळ्यांदेखत केलं. बाहेर जाऊन दाराच्या चौकटीला बांधलं.

मला वाटलं, संपलं. मीच घर पाडलं.

वकीलबाई दारात उभ्या राहून ती चिठ्ठी वाचत होत्या. मग दोघा गृहस्थांकडे वळल्या. "जन्म गेला माझा कोर्टात. घर जात असताना स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला. याने ज्याला हिरवी लावलीय ते सगळं मला मान्य, आणि पिवळी लावलीय तेही मान्य. मी सही करत नाही." आणि आत वळून, "मावशी, तवा ठेवा."

घर वाचलं. त्या दिवशी मावशीने इतके घावणे घातले की विरोधातले गृहस्थसुद्धा पाच पाच खाऊन गेले, आणि एकाने तर वाघाचा फोटो काढून नेला.

काकांनी मला पाटीबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नाही. वेलचीच्या चहाबद्दलही नंतर कधी बोलले नाहीत. लग्न ठरलं, मी बोरिवलीला घर घेतलं, सामान बांधलं, तेव्हा बॅगेची पिवळी चिठ्ठी दाखवून मी थट्टेत म्हटलं, "काका, इतकी वर्षं राहिलो. आता तरी हिरवी करा."

त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "दुसरी साक्ष यायची आहे," म्हणाले.

"अजून?"

"आणायची नसते. येते," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी हसलो. तेव्हा मला ते खरंच समजलं नव्हतं, की समजून घ्यायचं नव्हतं, याला आज मी स्वतः पिवळी देईन.

नंतरही मी त्यांना भेटायला जायचो, महिन्या दोन महिन्यांनी, कधी मासे घेऊन, कधी मुलीला घेऊन. पण रविवार टाळायचो. दारातून आत जाताना मान खाली घालायचो, चौकटीवरची पिवळी दिसू नये म्हणून. काका गेले तेव्हा मी होतो, खांदा दिला. रविवारचा दौरा मावशीने चालू ठेवला. विश्वस्तांनीच तिला सांगितलं.

गेल्या डिसेंबरात मुलीच्या शाळेत ‘आपल्या शहरातलं जुनं घर’ असा प्रकल्प निघाला आणि तिने हट्टच धरला, काकाआजोबांचं घर, आणि तेही रविवारीच, सगळं नीट दाखवतात तेव्हा. मग माझा नाइलाज झाला.

साडेअकरा. पंधरावीस माणसं. मावशी आता साठीची, काकांचा कोट तिने साडीवर चढवलेला. "जयभीम, सलाम, या." तव्यापाशी आलो, रोजनिशीपाशी आलो, सगळे हसायच्या जागी हसले. मग आतल्या खोलीत एक काचेचं कपाट होतं, माझ्या वेळी नव्हतं; भेटायला यायचो तेव्हा मी पुढच्या खोलीच्या पुढे जात नसे. वरच्या फळीवर भोक पाडलेला तुकडा. खालच्या फळीवर माझी पाटी. तिला लाल चिठ्ठी होतीच, पण आता खाली एक पिवळीही होती, काकांच्या अक्षरात. मावशीने ती मोठ्याने वाचली : "‘ही पाटी आमच्या मागच्या खोलीतील भाडेकरूने पुरली, घर वाचावे म्हणून. ऐकीव. साक्ष एक : स्टेशनरीवाला. दुसरी यायची आहे.’ प्रश्न?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मागच्या खोलीत कोण राहायचं हे तिला ठाऊक होतं.

"मी पुरली," मी म्हणालो. पंधरावीस अनोळखी माणसांसमोर माझा आवाज भलताच मोठा आला. "शनिवारी दुपारी. मी एकट्याने."

मावशीने कोटाच्या बाह्या मागे सारल्या. वकीलबाई काय विचारतील अशा थाटात तिने विचारलं, "किती खोल?"

"चार बोटं. फरशीच्या लगेच खाली. त्याच्या खाली मी हात लावला नाही."

"खालची पाटी तुझी नाय?"

"नाही. शपथ."

"शपथ नको, साक्ष पुरे," मावशी म्हणाली आणि आत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बंद पाकीट होतं, कडा पिवळ्या पडलेलं. "चौदा वर्सं जपलंय मी. काकांनी सांगितलं होतं, तो आपण होऊन बोलंल तेव्हाच द्यायचं. मी किती येळा म्हणलं, मी इचारू का त्याला? तर म्हणायचे, साक्ष ओढून काढली तर ती साक्ष ऱ्हात नाय."

पाकिटात दोन हिरव्या चिठ्ठ्या होत्या, सुतळी ओवून तयार. एकीवर लिहिलं होतं : ‘मुलगा कुडाळचा. सरळ आहे. खरे.’ दुसरीवर : ‘हे घर पाद्रीबाबांचे. खरे. साक्षी : एक, रोजनिशी. दोन, खड्डा.’

मी स्टुलावर चढून चौकटीची पिवळी सोडली. गाठ इतकी पक्की होती की मला दात लावावे लागले. खाली पाहुणे मोबाइल वर करून फोटो काढत होते, आणि ‘चिठ्ठी फोटोत आली पायजे!’ असं मावशी त्यांना दटावत होती. हिरवी बांधताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. चिठ्ठी वाऱ्यावर फिरली तेव्हा कळलं की तिच्या मागच्या बाजूलाही काही लिहिलंय. ‘भाडेकरू उशिरा आला तरी चालेल. आल्यावर त्याला पुढच्या स्वयंपाकघरात बसवून चहा द्यावा. वेलची घालून.’